पऱ्हाटीच्या आडून

गेल्या कोजागिरीला मंडळाच्या गच्चीवर दूध आटत असताना एका ज्येष्ठ सभासदांनी आपल्या आजोबांच्या शिकारीच्या आठवणी वाचून दाखविल्या. लेखन घोटीव होते, वाचनही रसाळ. माघातली पहाट, ताप्तीकाठचे उघडे रान, हरभऱ्यात चरणारा काळविटांचा कळप. आणि पऱ्हाटीने भरलेल्या छकड्यात, अंगावर शेवाळी रंगाचा कोट व वरून घोंगडी घेऊन पालथे पडलेले आजोबा. छकडा हाकणारा सालदार नेहमीसारखा बैलांशी बोलत चालला आहे. कळप मान वर करून पाहतो, ओळखतो, आणि पुन्हा चरू लागतो. मग बार. टाळ्या झाल्या. आम्हीही वाजविल्या.

घरी परतताना मात्र त्या टाळ्या हातांना चिकटून राहिल्या. आपण नेमके कशाचे कौतुक केले? हे टिपण त्या प्रश्नापोटी लिहिले आहे. वाचनकर्त्या सभासदांविषयी आमच्या मनात आदरच आहे. त्यांच्या आजोबांसारखे आजोबा आमच्याही घरी होते, आणि आमच्या ओसरीवरही शिंगांची एक जोडी पिढ्यान् पिढ्या टांगलेली आहे. तेव्हा हा वाद परक्याशी नसून घरातलाच आहे.

एक गोष्ट आरंभीच सांगून टाकतो. प्राणी मारला म्हणून आम्ही गळा काढीत नाही. आपल्या पूर्वजांपैकी कित्येकांनी मांस खाल्ले. ज्यांनी खाल्ले नाही त्यांनी खाणाऱ्यांच्या पंगतीला जागा दिली. आमचा आक्षेप एका शब्दावर आहे, आणि तो शब्द म्हणजे 'पराक्रम'. त्या संध्याकाळी तो चार वेळा उच्चारला गेला. उघड्या शेतात, छद्मवेशाआडून, हरीण मारण्याला पराक्रम म्हणता येत नाही. ज्याला तसे म्हणावयाचे असेल त्याने आधी त्या हरणाची बाजू नीट पाहावी.

काळवीट हे शास्त्रीय दृष्टीने सांबर-चितळाच्या कुळातले नव्हे. त्यांची शिंगे भरीव आणि दरवर्षी गळणारी. त्यांना सारंग म्हणतात. काळवीट आणि चिंकारा यांची शिंगे आतून पोकळ आणि जन्मभराची, हे कुरंग. व्यवहारात आपण दोघांनाही हरीणच म्हणतो, पण येथे भेद महत्त्वाचा आहे. सांबर झाडीत राहते आणि झाडीच्या आडोशावर जगते. काळवीट माळावर आणि मोकळ्या शेतात राहते. त्याला आडोसा नको असतो, कारण आडोसा म्हणजे लांडग्याची सोय. त्याचे सारे संरक्षण तीन गोष्टींत आहे: दूरवर पाहणे, कळपात राहणे आणि धावणे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, बुबुळांतील फट आडवी, त्यामुळे मान न वळविता जवळजवळ सारे क्षितिज त्याच्या नजरेत असते. एकदा धाव घेतली की ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास वेग. म्हणजे हा प्राणी लपतच नाही. उलट, वयात आलेल्या नराचा पाठीवरचा गडद काळा आणि पोटाकडचा शुभ्र रंग पाहा. पिवळ्या गवतात अर्ध्या कोसावरून दिसेल असा पोशाख निसर्गाने त्याला दिला आहे. आपल्या जागेवर तो ताठ मानेने उभा राहतो ते सर्वांनी पाहावे म्हणूनच. त्या कुळात लपते ते फक्त तान्हे पाडस. जन्मल्यावर पहिले काही दिवस ते गवतात अंग चोरून पडून असते. लपणे हा तेथे अर्भकाचा हक्क आहे. चाळिशीच्या गृहस्थाने बंदूक घेऊन तो हक्क बजावावा आणि त्याला मर्दुमकी म्हणावे, हे जरा विचित्र नाही काय?

आता त्या शेवाळी कोटाविषयी. अलीकडे बाजारात लष्करी धर्तीचे चट्टेरी-पट्टेरी कापड ढिगाने मिळते. वऱ्हाडी मंडळीतील तरुणांच्या पाटलोणीपासून सहलीच्या टोपीपर्यंत सारे त्याचेच. ते अंगावर घातले की रानात दिसेनासे होतो, अशी समजूत आहे. ती बव्हंशी खोटी आहे. खुरी प्राण्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणारे शंकू दोनच प्रकारचे असतात, आपल्याप्रमाणे तीन नव्हेत. तांबडा-नारिंगी आणि हिरवा यांतला भेद त्यांना फारसा कळत नाही. निळ्याकडचे रंग मात्र चांगले दिसतात. अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणावर १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासांतून हेच स्पष्ट झाले. म्हणजे पानाफुलांची नक्षी छापलेला अंगरखा हा हरणाला फसविण्यापेक्षा गिऱ्हाइकालाच अधिक फसवितो. त्यात तो कपडे शुभ्र-चमकदार करणाऱ्या साबणात धुतलेला असेल, तर त्याची निळसर झळाळी हरणाच्या डोळ्यांत उलट भरावी, असेच तेथील जाणते शिकारी सांगतात. गंमत अशी की त्याच अमेरिकेत बहुतेक राज्यांनी बंदुकीने हरणाची शिकार करणाऱ्याला भडक नारिंगी जाकीट घालण्याची सक्ती केली आहे. हरणाला तो नारिंगी उठून दिसत नाही. दुसऱ्या शिकाऱ्याला दिसतो आणि त्याची गोळी चुकून आपल्या अंगात शिरत नाही. माणसाने माणसाला दिसावे, हा तेथील कायदा. आपल्याकडे शिकाऱ्याची सारी धडपड नेमकी उलट, कारण त्याला हरणाइतकेच फॉरेस्ट गार्डापासूनही लपायचे असते.

मग कोट निरुपयोगी असता आजोबांची शिकार साधली कशी? येथेच खरी गोम आहे. आजोबांना कोटाने लपविले नाही. त्यांना छकड्याने लपविले, पऱ्हाटीने लपविले, आणि सर्वांत अधिक सालदाराच्या आवाजाने लपविले. जुन्या शिकारवर्णनांत ही गोष्ट पुन:पुन्हा येते: काळवीट टोपीवाल्या साहेबाला पाहून मैलभर दूर पळे, पण शेतकऱ्याची गाडी पन्नास हातांवरून गेली तरी कान टवकारण्यापलीकडे काही करीत नसे. जाणता शिकारी कधी थेट कळपाकडे चालत जात नसे. गाडी तिरकी, जणू दुसऱ्याच गावाला निघाल्यासारखी, वेढा घालीत नेई. काळविटाला शेतकरी ठाऊक होता. पिढ्यान् पिढ्या एकाच शिवारात दोघे वावरले. हा नांगरतो, पेरतो, ओरडतो, फार तर गोफण फिरवितो, पण मारीत नाही, हे त्या कळपाच्या अनुभवात मुरलेले होते. शेतकऱ्याने आपल्या वागण्याने त्या रानात पत मिळविली होती. आजोबांनी त्या पतीवर उचल केली आणि कर्ज सालदाराच्या नावावर टाकले. उघड्या शेतातला छद्मवेश कापडाचा नसतोच. तो विश्वासाचा असतो. मराठीत याला शब्द आहे, केसाने गळा कापणे. तोच शब्द वापरावा. पराक्रम हा नव्हे.

या उद्योगाचे शास्त्र काही आपल्या पणजोबांनी शोधलेले नाही, हेही न्यायाने नोंदविले पाहिजे. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त शिकारीवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ते वाचताना लपण्याच्या कलेचा कोशच उघडल्यासारखे वाटते. 'अजारा' नावाच्या प्रकारात शिकारी अंगभर हिरव्या डहाळ्या बांधून घेतो, धनुष्यबाणही पाल्यात झाकतो, आणि जनावरांच्या वाटेवर जाऊन थांबतो. म्हणजे आजचे पट्टेरी कापड सव्वाचारशे वर्षांपूर्वी फांद्यांचे होते एवढाच फरक. दुसऱ्या एका प्रकारात माणसाळविलेल्या काळविटाच्या शिंगांना जाळे बांधून त्याला रानातल्या नरासमोर सोडतात; रानातला नर लढावयास येतो आणि त्याची शिंगे, मान, कान जाळ्यात अडकतात. चित्त्याकडून शिकार करविण्याच्या तऱ्हांपैकी एक तर आपल्या विषयाला फारच लागू पडते. चित्त्याला वाऱ्याच्या योग्य बाजूस दडवून ठेवावयाचे आणि ज्या गाडीतून त्याला आणले ती गाडी उलट दिशेने हाकून न्यावयाची. हरणे जाणाऱ्या गाडीकडे पाहत गोंधळतात, आणि इकडून मृत्यू येतो. गाडी तेव्हाही होतीच. आजोबांच्या छकड्याचा पूर्वज असा थेट बादशाही निघतो.

आणि हे सारे आपल्यापासून दूर घडले असेही नाही. अकबराने १६०१ च्या आरंभी असीरगड घेतला आणि बुऱ्हाणपूर मोगलांच्या दख्खन सुभेदारीचे ठाणे झाले. ताप्तीपलीकडे जैनाबादेत आजही आहूखाना उभा आहे. आहू म्हणजे फारसीत हरीण. शाही हरणे राखण्याची ती बाग. शाहजादा दानियालचे नाव तिच्याशी जोडले जाते. पुढे १७ जून १६३१ रोजी मुमताज महल याच शहरात निवर्तली आणि आग्र्याला नेईपर्यंत सुमारे सहा महिने तिचा देह जैनाबादच्या त्याच बागेत विसावला. पर्यटक ती जागा पाहावयास येतात आणि तिच्या नावातले हरीण कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

दानियालची एक कथा येथे सांगितल्यावाचून राहवत नाही, विषयाशी तिचे नाते थोडे तिरके असले तरी. तो शिकारीचा नादी आणि मद्याचा त्याहून अधिक. बापाने दारूबंदीचा कडक पहारा बसविला. दानियालची एक आवडती बंदूक होती. जिला तिची गोळी लागेल तिचे तिरडीशीच नाते, अशा अर्थाचे नाव तिला दिलेले होते. त्याने एका सेवकाला त्याच बंदुकीच्या नळीत दारू भरून आणावयास सांगितले. नळीतला गंज आणि बारुदीची कीट त्या दारूत उतरली; शाहजादा प्यायला, अंथरुणाला खिळला आणि १६०५ साली याच बुऱ्हाणपुरात वारला. हकीकत खुद्द जहांगिराने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. लपविण्याचे साधन आणि मारण्याचे साधन एकच झाले की काय होते, याचा इतका चोख दाखला आमच्या गावाबाहेर शोधूनही सापडणार नाही.

मोगल गेले. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये बुऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले, मागाहून शिंद्यांकडे गेले, आणि १८६० च्या सुमारास इंग्रजी निमाड जिल्ह्यात सामील झाले. आपली बहुतेक घराणी या उलथापालथीत दफ्तरांबरोबर, फौजेबरोबर, वतनांबरोबर येथे येऊन रुजली. कारभार आपण पेशवाईतून आणला. शिकारीचा शौक मात्र थोडा मोगलांचा उरलेला आणि थोडा साहेबाचा उसना. शब्दच साक्ष देतात. 'शिकार' फारसी. मराठीचा घरचा शब्द 'पारध', आणि त्याचे मूळ व्युत्पत्तिकार संस्कृत 'पापर्द्धि'त, म्हणजे पापाच्या वृद्धीत दाखवितात. भाषेने निवाडा केव्हाच देऊन ठेवला होता. आपण तो टाळण्यासाठी परका शब्द उचलला. पारध करणाऱ्याला आपण पारधी म्हटले आणि शिकार करणाऱ्याला रावसाहेब.

या दुटप्पीपणावर थोडे थांबणे भाग आहे. खानदेशात, वऱ्हाडात, निमाडात फासेपारधी फिरत असत. ते आतड्यांच्या किंवा चामड्याच्या वादीचे फासे माळावर ओळीने रोवीत, शिकविलेल्या बैलाच्या किंवा गाईच्या आडोशाने पावलापावलाने कळपाकडे सरकत, आणि हरणांना अलगद फाशांच्या बाजूस वळवीत. आडोसा तोच, गुरांचा. युक्ती तीच, शेतकऱ्याच्या ओळखीवर स्वार होण्याची. फरक एवढाच की पारध्याच्या घरी त्या रात्री चूल पेटावयाची असे, आणि दुसऱ्या दिवशी तो कुठल्याही गच्चीवर त्याचे वाचन करीत नसे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या कचाट्यात पुढे या लोकांना जन्मत: गुन्हेगार ठरविण्यात आले, तो शिक्का कागदावरून १९५२ साली पुसला गेला आणि लोकांच्या मनातून अजून पुसलेला नाही. चित्ते पकडून माणसाळविण्याची विद्या ज्या पारध्यांकडे होती, त्यांना मात्र दरबारांनी पदरी ठेवले; कोल्हापुरात तर विसाव्या शतकातही आफ्रिकेतून चित्ते आणवून काळविटांवर सोडीत. एकाच विद्येला दरबारात मानमरातब आणि माळावर पोलिसांची हजेरी. आपल्या आजोबांनी जे केले तेच पारध्याने केले तर आपण त्याला लबाडी म्हणत आलो. मग लबाडी हा शब्द दोघांनाही लावा, किंवा दोघांचाही सोडून द्या. आमचे मत विचाराल तर भुकेल्याला आम्ही तो लावणार नाही.

आता कोणी म्हणेल, लपून मारणे शास्त्रसंमत आहे. प्रत्यक्ष रामचंद्रांनी वालीला झाडाआडून मारले. हा युक्तिवाद आम्ही हलक्याने घेत नाही, कारण वाल्मीकींनीही घेतलेला नाही. किष्किंधाकांडात बाण लागून पडलेला वाली विचारतो, मी दुसऱ्याशी लढत असता, तू समोर न येता मला का मारलेस? रामाच्या उत्तरातला एक भाग नेमका शिकारीवर आहे: माणसे फासे टाकून, जाळी लावून, दडून पशूंना धरतात, पशू सावध असो की बेसावध, समोर असो की पाठमोरा, मांसार्थी लोक त्याला मारतात आणि त्यात दोष मानीत नाहीत, धर्मज्ञ राजर्षीही मृगया करतात. हे उत्तर ऐकून वाली शांत झाला असे काव्य सांगते. पण आमच्या लहानपणी राममंदिरात कीर्तनाला येणारे बुवा या प्रसंगाशी आले की हमखास आवाज खाली आणीत, चिपळ्या थांबवीत, आणि दोन्ही बाजू मांडून झाल्यावरही क्षणभर काही बोलत नसत. ते न बोलणे आम्हांला अजून ऐकू येते. जेथे देवालाही उत्तर द्यावे लागले, तेथे आपले आजोबा टाळ्यांवर सुटतात, हे बरे नव्हे. आणि रामाने त्या कृत्याला पराक्रम म्हटले नाही, दंड म्हटले. शाकुंतलाच्या पहिल्या अंकातला दुष्यंत तर रथात उभा राहून, धनुष्य ताणून, सर्वांदेखत हरणाचा पाठलाग करीत येतो. म्हणूनच आश्रमवासी त्याला दिसताच अडवू शकतात आणि तो बाण उतरवितो. छकड्यात पऱ्हाटीखाली पडलेल्या दुष्यंताला कण्व-आश्रमाच्या कोणत्या बटूने अडविले असते?

वाघही लपूनच मारतो, हा आणखी एक आवडता दाखला. वाघाने स्वत:चे कातडे घातलेले असते. शिवाय तो भिंतीवर शिंगे लावीत नाही. हौशी छायाचित्रकारही लपणात बसतो, हे खरे. पण चाप ओढल्यावर त्याचे हरीण चरत राहते.

आजोबांचा काळ निदान बैलांच्या गतीचा होता. मोटार आली आणि लपण्यासाठी पऱ्हाटीचीही गरज उरली नाही. रात्रच पांघरूण झाली. प्रखर झोत डोळ्यांवर पडला की हरीण जागच्या जागी खिळते. त्याच्या डोळ्यांमागचा जो पडदा अंधुक उजेडाचा जास्तीत जास्त उपयोग करून घेतो, तोच त्याचा घात करतो. आपल्याच तेव्हाच्या मध्य प्रांताच्या पूर्व टोकाला, कोरिया संस्थानात, १९४७ च्या सुमारास तेथील महाराजांनी रात्री मोटारीतून जाताना दिव्यांच्या उजेडात तीन चित्ते मारले. भारतातील चित्त्यांची ती अखेरची खात्रीलायक नोंद मानली जाते. १९५२ साली चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. ज्या जनावराला दडवून शतकानुशतके हरणे मारविली, ते स्वत: असे उजेडाच्या छद्माने संपले. आणि १४ मे २०२२ च्या पहाटेपूर्वी गुना जिल्ह्यात आरोनजवळ काळविटांची शिकार करून निघालेल्या टोळीला पोलिसांनी अडविले, तेव्हा गोळ्यांनी तीन पोलीस ठार झाले. अंधारात हरणावर रोखलेली बंदूक माणसाकडे वळावयास किती वेळ लागतो, हे त्या रात्री दिसले. शिकारीच्या जुन्या रम्य गोष्टी ऐकताना हे तीन मृत्यू आमच्या मनातून जात नाहीत.

कोजागिरीच्या त्या बैठकीत वाचनानंतर निघालेला दुसरा विषय याहून गंभीर होता. आपल्यापैकी अनेकांच्या अजून जमिनी आहेत. केळीबागांत रानडुकरे शिरतात. हरभरा, तूर, गहू रोही तुडवितात. माळव्याकडे काळविटांचे कळप उभे पीक साफ करतात. सरकारी भरपाईसाठी तलाठ्याच्या नोंदीपासून खेटे घालावे लागतात. हे दु:ख खरे आहे, आणि ज्याने रात्रभर मचाणावर डबा बडविला आहे त्याला प्राणिप्रेमाचे धडे देण्याचा अधिकार शहरात बसलेल्या कोणालाही नाही. पण या खऱ्या दु:खाच्या आडून एक सूचना पुढे सरकली: बाहेरगावच्या हौशी नेमबाजांना बोलवावे, त्यांच्याकडे उत्तम बंदुका आहेत, पट्टेरी पोशाख आहेत, रात्री पाहण्याच्या दुर्बिणी आहेत, शौकही भागेल आणि पीकही वाचेल. अनेकांनी माना डोलविल्या. हा पुन्हा तोच छकडा. वरून पऱ्हाटी शेतकऱ्याच्या नुकसानीची, खाली पालथा पडलेला शौक.

कायदा काय म्हणतो ते एकदा स्वच्छ सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतरही तेथेच आहे. पिकाचे नुकसान हे त्याला मारण्याच्या परवानगीचे कारण होऊ शकत नाही. जनावर माणसाच्या जिवाला धोकादायक असेल, किंवा बरे न होण्याइतके जखमी वा रोगी असेल, तरच मुख्य वन्यजीव संरक्षकाच्या लेखी आदेशाने ते मारता येते. शिक्षा किमान तीन वर्षे, कमाल सात. नीलगाय आणि रानडुक्कर यांच्या बाबतीत पिकाच्या कारणाने परवानगीची वाट कायद्यात आहे. बिहारात तर केंद्राने काही जिल्ह्यांत, काही मुदतीपुरती, नीलगाईला उपद्रवी प्राणीही ठरविले होते. ती वाट ज्यांना वापरावयाची आहे त्यांनी वापरावी. मात्र दिवसाढवळ्या, नावानिशी, लेखी आदेश खिशात घेऊन, पंचनामा करून, आणि शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर. हे कसायाचे काम आहे, आणि कसाई आपले दुकान लपवीत नाही. ज्याला या कामासाठी छद्मवेश लागतो, तो पीक राखावयास आलेला नाही.

पीक राखण्याची रीत मुळातच लपण्याच्या उलट आहे. बुजगावण्याला पांढरा सदरा आपण का घालतो? त्याने दिसावे म्हणून. राखणदार मचाणावर शीळ घालतो, आरोळी देतो, शेकोटी पेटवितो, ते 'मी येथे आहे' हे कळावे म्हणून. शेत राखणारा दिसतो. शेतात मारणारा लपतो. हा भेद आपल्या सालदारांना ठाऊक होता, आपल्याला नव्हता.

शाजापूर जिल्ह्यात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वनखात्याने काय केले ते येथे सांगितले पाहिजे, कारण त्यात आमच्या मुद्द्याला छेद देणारे काही आहे आणि ते आम्ही दडविणार नाही. शेतांत शिरणारे काळवीट पकडण्यासाठी दक्षिण आफ्रिकेतील जाणकारांच्या साहाय्याने 'बोमा' पद्धत वापरली गेली. नरसाळ्याच्या आकाराची कापडी-जाळीची भिंत शिवारात उभी करावयाची, ती भोवतालच्या हिरवाईत मिसळून जाईल अशी; मग हेलिकॉप्टरने कळपाला हळूहळू तिच्या रुंद तोंडाकडे वळवावयाचे, आणि निमुळत्या टोकाशी वाहन लावून ठेवावयाचे. आठशेंहून अधिक काळवीट आणि काही नीलगाई अशा रीतीने शेतांतून उचलून गांधीसागरसारख्या अभयारण्यांत नेऊन सोडण्यात आल्या. म्हणजे उघड्या शेतात छद्म येथेही होतेच. पारध्याच्या फाशांच्या रांगेची ती नात म्हणावी. पण गोळी नव्हती, शिंगे कोणाच्या भिंतीवर गेली नाहीत, आणि सारे काम गावाच्या व वर्तमानपत्रांच्या साक्षीने झाले. त्याच गांधीसागरात एप्रिल २०२५ मध्ये आफ्रिकी वंशाचे दोन चित्तेही सोडले आहेत, म्हणजे काळविटाचा पुढचा सामना पुन्हा चित्त्याशी आहे. तो त्यांचा त्यांनी पाहावा. तेथे कोणी गाडी उलट दिशेने हाकणार नाही.

राहता राहिली शिंगे. २००३ साली केंद्र सरकारने घरोघरच्या अशा वस्तू जाहीर करण्यास १८० दिवसांची मुदत दिली होती. ज्यांनी तेव्हा अर्ज केले त्यांच्याकडे मालकीचे दाखले आहेत. ज्यांनी केले नाहीत त्यांची शिंगे ओसरीवरून माळ्यावर गेली, जुन्या सतरंजीत गुंडाळली गेली. आजोबांनी पऱ्हाटीखाली सुरू केलेले लपणे नातवांनी सतरंजीखाली चालू ठेवले आहे. कोणाकोणाच्या माळ्यावर काय आहे ते आम्ही विचारणार नाही. ज्याने त्याने आपल्या वकिलाला विचारावे.

आमच्या घरच्या जोडीचा दाखला आहे. २०२२ च्या दुरुस्तीने दाखलेधारकाला अशी वस्तू सरकारजमा करण्याची वाट दिली आहे. मोबदला मिळत नाही. आमचा अर्ज मुख्य वन्यजीव संरक्षकांकडे गेला आहे. मंडळाच्या सभागृहात अध्यक्षांच्या खुर्चीमागे जी जोडी आहे, तिचाही दाखला कपाटातील फाइलीत आम्ही स्वत: पाहिला आहे. ती जोडी त्याच वाटेने जावी आणि त्या जागी आहूखान्याचे एखादे जुने छायाचित्र लागावे, असा ठराव आम्ही येत्या वार्षिक सभेसाठी चिटणीसांकडे लेखी दिला आहे. त्याला अजून अनुमोदक मिळालेला नाही.